विश्लेषण : रोज शंभर क्रंचेस मारूनही ‘सिक्स पॅक’ का दिसत नाहीत?

‘ओम शांती ओम’मध्ये २००७ साली शाहरुख खान आणि पुढच्याच वर्षी ‘गजनी’त आमिर खान उघड्या अंगाने पडद्यावर आले आणि ‘सिक्स पॅक’ हा शब्द गल्लीतल्या जिमपर्यंत पोहोचला. आता तर ‘पंधरा दिवसांत पोट सपाट’ अशी रील दर दोन मिनिटांनी मोबाइलवर येते. त्या पाहून अनेक जण रोज शंभर-दोनशे क्रंचेस मारतात. महिना-दोन महिन्यांनी पोट तसेच राहते, कंबर मात्र दुखू लागते. असे का होते?

हे ‘पॅक’ म्हणजे नेमके काय?

पोटाच्या पुढच्या बाजूला, खालच्या बरगड्यांपासून जांघेजवळच्या हाडापर्यंत, एक उभा स्नायू असतो. त्याला ‘रेक्टस ॲब्डॉमिनिस’ म्हणतात. मधली उभी पांढरी रेषा त्याचे दोन भाग करते आणि आडव्या चिवट पट्ट्या त्याला ठिकठिकाणी आवळून धरतात. त्यातून चौकोन तयार होतात. या पट्ट्या किती आणि किती सरळ रेषेत, हे जन्मतःच ठरलेले असते. कुणाचे चार चौकोन दिसतात, कुणाचे सहा, कुणाचे आठ. व्यायामाने स्नायू जाड होतो, पट्ट्या वाढत नाहीत. थोडक्यात, पॅक सगळ्यांनाच असतात. प्रश्न त्यावरच्या चरबीच्या थराचा आहे.

पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी जळत नाही का?

नाही. हे जुन्या प्रयोगांतूनही दिसले आहे. अमेरिकेत १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढल्या. संशोधकांनी त्यांच्या पोटातून, पाठीतून आणि नितंबातून चरबीचे नमुने घेतले. चरबीच्या पेशी तिन्ही जागी सारख्याच प्रमाणात आकसल्या होत्या, पोटावर विशेष काही घडले नव्हते. वजनही बदलले नाही. पुढे २०११ मधल्या अभ्यासात २४ जण होते. त्यातल्या एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस फक्त पोटाचे व्यायाम केले. त्यांचा दम वाढला, क्रंचेसची संख्या वाढली, पण पोटाची चरबी होती तेवढीच राहिली.

कारण सोपे आहे. काम करणारा स्नायू शेजारच्या चरबीतून थेट इंधन ओढत नाही. शरीरभरच्या साठ्यातून चरबी रक्तात उतरते आणि तिथून स्नायूला मिळते. आधी कुठला साठा रिकामा करायचा, हे आनुवंशिकता आणि संप्रेरके ठरवतात. बहुतेक पुरुषांच्या बाबतीत पोट शेवटी उतरते. पॅक स्पष्ट दिसायला पुरुषांमध्ये शरीरातील चरबी साधारण १० ते १२ टक्क्यांपर्यंत खाली यावी लागते. स्त्रियांमध्ये निसर्गतःच चरबी जास्त असते आणि ती फार घटवली तर पाळी बिघडू शकते. म्हणून नवऱ्याचे ‘टार्गेट’ बायकोला लावू नये.

आणखी एक गोष्ट रीलमध्ये कुणी सांगत नाही. शरीरसौष्ठव स्पर्धेतले स्पर्धकसुद्धा स्पर्धेच्या दिवशी दिसतात तसे वर्षभर दिसत नाहीत. त्यामागे अनेक आठवड्यांचे कडक डाएट, मोजूनमापून घेतलेले पाणी आणि वरून पडणारा प्रकाश असतो.

मग पोटाचे व्यायाम करायचेच कशाला?

ताकदीसाठी. ताकद आणि दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनी गटातल्या थोराड पैलवानाच्या पोटावर एकही चौकोन दिसत नाही, पण त्याची कंबर वाकवून दाखवा! पोटाच्या स्नायूंचे मुख्य काम शरीर दुमडणे नसून पाठीचा कणा स्थिर धरणे हे आहे. बादली उचलताना, बसमध्ये धक्का बसताना हेच स्नायू कण्याला आधार देतात. सर्वांत आतला स्नायू तर कंबरपट्ट्यासारखा पोटाभोवती गुंडाळलेला असतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे कणातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांच्या मोजमापानुसार, एका सिट-अपमध्ये कमरेच्या मणक्यांवर सुमारे ३,३०० न्यूटन, म्हणजे सव्वातीनशे किलोहून अधिक वजनाइतका दाब येतो. अमेरिकी नौदलाने २०२१ मध्ये आपल्या चाचणीत कर्ल-अपऐवजी प्लँक आणला. लष्करानेही २०२२ मध्ये पोटाच्या ताकदीसाठी प्लँकच ठेवला.

नवशिक्यांनी प्लँक, साइड प्लँक आणि ‘बर्ड डॉग’, म्हणजे हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय ताणणे, यांपासून सुरुवात करावी. कंबर खाली लोंबली की प्लँक संपला असे समजावे. दोन मिनिटे थरथरत राहण्यापेक्षा दहा-दहा सेकंदांचे नीट धरलेले प्लँक बरे. आपले जोर म्हणजे तरी काय, हलता प्लँकच. तो आखाड्यात फुकट शिकायला मिळायचा.

चौकोन उठून दिसावेत असे वाटत असेल, तर मात्र पोटालाही दंडासारखेच वागवावे लागते. रोज दोनशे हलक्या क्रंचेसपेक्षा बारवर लटकून पाय उचलणे किंवा वजन घेऊन क्रंचेस, आठ ते पंधरा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि हळूहळू वाढता भार.

आहाराचे काय?

खरी लढाई तिथेच आहे. आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरेल एवढाच आहार कमी करावा. घाई केली तर स्नायूही झिजतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांना शरीराच्या दर किलोमागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. साठ किलोच्या माणसाला ९६ ग्रॅम. वाटीभर पातळ वरणातून जेमतेम चार-पाच ग्रॅम मिळतात. त्यामुळे उसळ, अंडी, दही, पनीर, मासे वाढवावे लागतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

भारतीयांनी आरशाऐवजी टेप का पाहावी?

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असते आणि आतड्यांभोवतीची हीच चरबी मधुमेहाकडे नेते. ‘आयसीएमआर-इंडिॲब’च्या २०२३ मधील अहवालानुसार देशातील ३९.५ टक्के प्रौढांचे पोट सुटलेले आहे. पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. श्वास सोडल्यावर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध शिंप्याची टेप लावून घेर मोजावा. पोट आत ओढू नये.

कुणी जपून राहावे?

बाळंतपणानंतर पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब गेलेले असतात. ते जवळ येण्याआधी क्रंचेस सुरू केल्यास मधला फुगवटा वाढू शकतो, म्हणून आधी फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावे. हर्निया किंवा मणक्याची चकती सरकलेली असल्यास तेच. रक्तदाब असणाऱ्यांनी व्यायाम करताना श्वास रोखू नये; जोर लावताना तो सोडावा.