मनाचा आजार आणि सोबत्याचे काम

आम्ही डॉक्टर नाही. नववीनंतर आमची शाळा सुटली. पुढचे शिक्षण लेथवर आणि नंतर सार्वजनिक वाचनालयात झाले. गेली तीस वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आहोत. तेव्हा नैराश्यासारख्या विषयावर बोलण्याचा आम्हास अधिकार काय, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच आहे. अधिकार नाही, एक चूक मात्र पदरी आहे, आणि तिच्यामुळेच आम्ही ह्या विषयाकडे वळलो.

एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधला कामगार आमच्या कार्यालयात आला. हातात गैरहजेरीचे चार्जशीट. बारा वर्षांची नोकरी, पूर्वी एकही मेमो नाही, आणि सहा महिन्यांत बावीस खाडे. आम्ही कागद पाहिले, नियम पाहिले आणि तेथल्या तेथे उत्तर लिहून काढले. उत्तर चांगले उतरले. चौकशी न बसता प्रकरण मिटले. मे महिन्याचे दिवस असून तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसला होता, हे आमच्या नजरेला आले होते. पण त्याचा अर्थ आम्ही लावला नाही. आठ दिवसांनी रात्री त्याच्या घरून फोन आला. त्याने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. सुदैवाने वाचला. पुढे कधीतरी आम्ही त्याला म्हणालो, "अरे, त्या दिवशी बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "भाऊ, बोलायलाच आलो होतो. तुम्ही उत्तर लिहीत होता."

दुःख आणि नैराश्य ह्यांत फरक आहे. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, तर माणूस दुःखी होतोच. पण लेकरू मांडीवर येऊन बसले की घटकाभर हसतोही. नैराश्यात ते हसू उमटत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, दिवसाचा बहुतेक वेळ मन खाली राहते. आवडीच्या गोष्टींतला रस जातो. पहाटे तीन-चारला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. जेवण जात नाही. आणि 'आपण कोणाच्या उपयोगाचे नाही, आपण आहोत म्हणून घरच्यांना त्रास' हा विचार पाठ सोडीत नाही. आमचे कामगार 'मी निराश आहे' असे कधी म्हणत नाहीत. ते म्हणतात, पाठ धरली, डोके जड झाले, अंगात त्राण नाही. फोरमनला तो कामचुकारपणा वाटतो, घरी आळस वाटतो. कोणी चिडचिडा होतो, कोणाची दारू वाढते, आणि मग सगळा दोष दारूवर जातो. कारण म्हणाल तर एकच सापडत नाही. आनुवंशिकता, लहानपणीचे घाव, कर्ज, शरीराचा दुसरा एखादा आजार, पाळ्या बदलून मोडलेली झोप, असे पुष्कळ धागे एकत्र येतात.

स्वतःच्या शरीराला इजा करून घेणारा प्रत्येक जण मरण मागत असतो असे नाही. मनातली असह्य घालमेल त्या वेदनेने क्षणभर थांबते, किंवा बधिर झालेल्या मनाला काहीतरी जाणवते, म्हणून तो तसे करतो. तरुण मुलामुलींत हे अधिक दिसते. त्याला नाटक म्हणणे हा अन्याय आहे. शिवाय पुढे जिवाला धोका होण्याचा संभव अशा माणसात वाढलेला असतो, म्हणून ते किरकोळही मानू नये. रागावून, शपथा घालून ते थांबत नाही. जखम असेल तर आधी तिच्यावर उपचार करावा, आणि मग 'त्या वेळी मनात काय चालले होते?' एवढे शांतपणे विचारावे.

विचारण्याची भीती मात्र सर्वांनाच वाटते. आपण विचारले तर नसलेला विचार त्याच्या डोक्यात शिरेल, असे आम्हासही वाटे. ते खरे नाही. ह्या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांचे स्पष्ट म्हणणे आहे की सरळ विचारल्याने तो विचार पेरला जात नाही. उलट पुष्कळांना सुटल्यासारखे होते. म्हणून आता आम्ही आडवळणाने बोलत नाही. चहा मागवितो, दार लोटून घेतो आणि विचारतो, "जगू नये असे मनात येते का?" उत्तर 'हो' आले तर उपदेश करीत नाही. 'बाकीच्यांकडे बघ', 'मन घट्ट कर', 'पोराबाळांचा विचार कर' ही तीन वाक्ये आम्ही वर्ज्य केली आहेत; पोराबाळांचा विचार करूनच तो आधी अर्धा झालेला असतो. त्याला एकटे सोडत नाही. इजा होईल अशा वस्तू दूर ठेवावयास घरच्यांना सांगतो आणि त्याच दिवशी त्याच्याबरोबर दवाखान्यात जातो. 'जा' म्हणणे आणि बरोबर जाणे ह्यांत फार अंतर आहे. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येते. गुपित ठेवण्याचे वचन मात्र कोणाला देऊ नये. आम्ही एकदा दिले आणि मोडावे लागले.

सामान्य माणसाच्या हातून काय होणार, असे म्हणणाऱ्यांनी गोव्याकडे पाहावे. तेथे 'संगाथ' ह्या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मानसोपचाराचे पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार करून त्यांच्याकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांशी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी ह्या रुग्णांपैकी शेकडा ६४ आजारातून बाहेर आलेले दिसले. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ होते. बैठकीतली युक्ती साधी आहे. 'मन लागले की काम करीन' असे रुग्ण म्हणतो; येथे उलट चालतात. आधी लहानसे काम, म्हणजे अंघोळ, चौकापर्यंत चालणे, मित्राकडे जाणे. मन मागून येते. तीव्र आजारात औषधही लागते. गोळीचा गुण यावयास दोन ते सहा आठवडे जातात, आणि नेमके तेव्हाच लोक कंटाळून ती सोडतात. बरे वाटल्यावरही डॉक्टरांना विचारल्यावाचून बंद करू नये.

आता कायद्याचे. ३०९ व्या कलमाची धास्ती घेऊन लोक दवाखान्यात खोटी कारणे सांगत, अजूनही सांगतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे ११५ वे कलम सांगते की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरावे. त्याला शिक्षा करू नये आणि सरकारने त्याची काळजी घ्यावी. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिताच गेली आणि ते कलमही गेले. लोकसेवकावर दडपण आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा नव्या संहितेत गुन्हा आहे. आणि ईएसआयच्या कामगाराने लक्षात ठेवावे की आजारपणाचा भत्ता, म्हणजे वर्षातून ९१ दिवसांपर्यंत रोजाच्या ७० टक्के, हा मनाच्या आजारालाही आहे. डॉक्टरांचा दाखला आणि वर्गणीचे दिवस भरलेले हवेत. त्या बावीस खाड्यांपैकी कित्येक दिवस दाखल्यावर निघाले असते.

तो आता पहिल्या पाळीत आहे. गोळ्या चालू आहेत. सुटीच्या दिवशी संध्याकाळी कार्यालयात येतो. कधी बोलतो, कधी नुसता चहा घेऊन जातो. तो आला की आम्ही लिहिणे बाजूला ठेवतो.