न उचललेला फोन

नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांना ऑक्टोबर २०१९मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने कळवले, की व्हॉट्सअ‍ॅपच्या वाटेने त्यांच्या फोनवर पाळत ठेवण्याचा प्रयत्न झाला होता. असाच निरोप आनंद तेलतुंबडे यांनाही आला. ते मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचे. आमच्या मूर्तिजापूरहून शकुंतलेची अरुंद लाइन त्याच यवतमाळकडे गेलेली आहे. जगभरातले सुमारे १,४०० फोन लक्ष्य होते आणि हत्यार होते इस्रायलच्या एनएसओ ग्रुपचे ‘पेगॅसस’. यात कोणी लिंक उघडण्याची गरज नव्हती. व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल यायचा. तो उचलावाही लागत नव्हता.

या दोषाला ‘बफर ओव्हरफ्लो’ म्हणतात. बफर म्हणजे बाहेरून येणारी माहिती तात्पुरती ठेवण्यासाठी मेमरीत आखलेली जागा. अडत दुकानाची वही डोळ्यांपुढे आणा. नावाच्या रकान्यात वीस अक्षरे मावतात. शेजारच्या रकान्यात मुनिमासाठी सूचना आहे, ‘पुढे पान १२ पाहा’. कोणी चाळीस अक्षरांचे नाव सांगितले आणि लिहिणाऱ्याने न मोजता लिहीत नेले, तर शेजारची सूचना झाकली जाते. सांगणारा वस्ताद असेल तर शेवटची अक्षरे अशी निवडतो की तिथे ‘पान ४० पाहा’ असे उमटावे. पान ४० त्यानेच भरून ठेवलेले असते. संगणक हा फार आज्ञाधारक मुनीम. तो मुकाट तिकडे जातो. कॉल उचलण्याआधीच फोन जी माहिती आपणहून स्वीकारतो, तिच्यातून २०१९मध्ये हे लांबलचक ‘नाव’ आत आले.

बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेली सी भाषा ही मोजणी स्वतः करत नाही, लिहिणाऱ्यावर सोडते. त्यामुळे वेग मिळतो. म्हणूनच फोनच्या पोटातले पुष्कळसे काम आजही सी आणि तिच्या लेकीत, सी प्लस प्लसमध्ये, लिहिलेले आहे.

त्यातले बरेच उसने असते. संगणकाच्या व्यवहारात ‘लायब्ररी’ म्हणजे अनेकांनी वापरावे असे तयार लिहिलेले काम. सप्टेंबर २०२३मध्ये गूगलच्या ‘लिबवेबपी’ या लायब्ररीत असाच दोष निघाला; कळवणाऱ्यांत अ‍ॅपल होती आणि पुन्हा सिटिझन लॅब. ही लायब्ररी वेबपी प्रकारची चित्रे उलगडते. (व्हॉट्सअ‍ॅपवरचे दिवाळीचे स्टिकर याच प्रकारचे.) त्यासाठी लागणाऱ्या कोष्टकांची जागा आधीच हिशेब करून ठरवली होती आणि धड चित्रांपुरता तो हिशेब बरोबरही होता. मुद्दाम बिघडवलेल्या चित्राचे कोष्टक मात्र जागेबाहेर सांडे. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, सगळ्यांनी हेच काम उसने घेतलेले. प्रत्येकाला आपापली दुरुस्ती करावी लागली.

आपल्याकडची सायबर जागृती ‘अनोळखी लिंक उघडू नका’ याच्या पुढे सहसा जात नाही. ठकबाजीपुरता तो सल्ला ठीक आहे. पण इथे तो दोष नसलेल्या माणसाच्या गळ्यात दोष अडकवतो, असे माझे मत आहे. न मोजणारा कोणी दुसराच असतो. डिसेंबर २०२४मध्ये अमेरिकी न्यायालयाने व्हॉट्सअ‍ॅपच्या दाव्यात एनएसओला जबाबदार ठरवले.

वापरणाऱ्याच्या हाती उरतो तो अपडेट. व्हॉट्सअ‍ॅपने आपला दोष मे २०१९मध्येच बुजवला होता. मात्र थोरल्याचा जुना फोन धाकट्याकडे, मग आईकडे, असा आपल्या घरांतून फिरत राहतो. कंपनीने ज्यांचे अपडेट २०२३पूर्वीच थांबवले, त्या फोनच्या अँड्रॉइडमधली लिबवेबपी अजून तशीच आहे, आणि पडद्यावर तसे कुठे लिहून येत नाही.