लिक्विड मेटल लावलं आणि प्रोसेसर आणखीच तापला!

गेल्या महिन्यात गाईडनी साधाच प्रश्न विचारला: "कोड तोच, इनपुट तेच, मग हा रन आधीपेक्षा इतका हळू का?" कोडमध्ये खरंच काही बदललं नव्हतं. बदल झाला होता लॅपटॉपच्या पोटात. आदल्या रविवारी मी जुनी थर्मल पेस्ट काढून लिक्विड मेटल लावलं होतं. तापमान खाली यायला हवं होतं, ते ९१ वरून ९७ अंशांवर गेलं. "सेट व्हायला वेळ लागत असेल" अशी स्वतःची समजूत घालून मी ते सोडून दिलं. (लिक्विड मेटल सेट वगैरे काही होत नाही. ते द्रवच राहतं.)

तुमचा प्रोसेसर असा तापला तर लगेच स्क्रू-ड्रायव्हर उचलू नका. आधी आकडा नीट घ्या. नुसतं तापमान फसवं असतं, कारण प्रोसेसर तापला की स्वतःच वेग आणि वीज कमी करतो. रायझन ९ ७९५०एक्ससारखे काही प्रोसेसर तर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत जायलाच बनवलेले आहेत. म्हणून तापमानातून खोलीचं तापमान वजा करा आणि त्याला वॅटने भागा. हा झाला उष्णतेला होणारा रोध. माझा हिशोब असा: खोली २८ अंश, आधी ९१ अंशांना ९० वॅट, म्हणजे ०.७ अंश प्रति वॅट. नंतर ९७ अंशांना फक्त ६२ वॅट, म्हणजे १.१! तापमानात ६ अंशांचाच फरक दिसत होता, पण रोध दीडपटीहून जास्त वाढला होता. गाईडच्या प्रश्नाचं उत्तर त्या हरवलेल्या २८ वॅटमध्ये होतं.

आता थोडं फिजिक्स. डायचं क्षेत्रफळ १५० चौरस मिलिमीटर, पेस्टचा थर ५० मायक्रॉन आणि पेस्टची उष्णतावाहकता ८ वॅट प्रति मीटर-केल्विन धरली, तर ९० वॅटला त्या थरात साधारण पावणेचार अंश खर्च होतात. म्हणजे जगातलं सर्वोत्तम लिक्विड मेटल लावलं तरी तुम्ही एवढेच अंश वाचवू शकता. डब्यावर ७३ लिहिलंय म्हणून पेस्टच्या नऊपट फायदा होईल, असं गणित नसतं. आणि उलट बाजूने बघा: रोध इतका वाढला असेल तर दोष धातूच्या वाहकतेत नाही, मध्ये कुठेतरी हवा आहे. हवेची वाहकता ०.०२६ च्या आसपास, त्यामुळे पातळशी फटही पुरते.

हवा कुठे आहे हे न उघडता बरंचसं कळतं. भार दिल्यावर एक-दोन सेकंदांत तापमान उडी मारत असेल तर गडबड डाय आणि तांब्याच्या प्लेटच्या मध्ये आहे. मिनिटामिनिटाने चढत असेल तर पंखा, जाळीतली धूळ किंवा खोली बघा. मग प्रत्येक कोअरचं तापमान वेगवेगळं पाहा. माझे दोन कोअर ९७ वर आणि बाकीचे ८० च्या आसपास होते. म्हणजे स्पर्श एकाच बाजूला तुटला होता.

उघडलं तर तसंच. डायवर धातू आरशासारखा पसरलेला, पण तांब्यावर मात्र थेंब होऊन एका कोपऱ्यात बसलेला. गॅलियम, इंडियम आणि कथिलाचं हे मिश्रण पेस्टसारखं दाबून पसरत नाही. ते पृष्ठभागाला भिजवावं लागतं. मी ते फक्त डायवर लावलं होतं आणि प्लेटवर जुन्या पेस्टचा अंश राहिला होता. आयसोप्रोपाइल अल्कोहोलने प्लेट पुसली, कापसाच्या काडीने दोन्ही पृष्ठभागांवर अगदी पातळ थर घासून बसवला, स्क्रू तिरपे-तिरपे थोडे थोडे आवळले. आता ९० वॅटला ८८ अंश, म्हणजे ०.६७. तीन अंशांसाठी दोन रविवार गेले, हे कबूल करतो.

सुरुवातीला ठीक असून काही महिन्यांनी रोध वाढत गेला तर कारण वेगळं असतं. गॅलियम हळूहळू उघड्या तांब्यात शिरतं, थर कोरडा आणि करडा दिसू लागतो. साफ करून पुन्हा लावलं की सहसा पुढे जास्त टिकतं. निकेलचा मुलामा असलेल्या प्लेटवर हा त्रास बराच कमी.

अॅल्युमिनियमच्या प्लेटवर मात्र हे कधीच लावू नका. गॅलियम त्यात शिरून त्याला ठिसूळ करतं. पंचाईत अशी की निकेलचा मुलामाही चंदेरीच दिसतो, त्यामुळे प्लेट कशाची आहे याची खात्री नसेल तर पेस्टच बरी. शिवाय हा धातू वीज वाहून नेतो. डायशेजारच्या बारीक कपॅसिटरांवर आधी कॅप्टन टेप लावा, थेंब ओघळला तर बोर्ड गेलाच समजा.

मधल्या काळातल्या रनचे निकाल बरोबर होते, पण त्यांच्या वेळा स्केलिंगच्या आलेखात वापरता येणार नव्हत्या. ते सगळे रन पुन्हा करावे लागले. आता प्रत्येक रनच्या लॉगमध्ये वेळेशेजारी वॅट, तापमान आणि खोलीचं तापमान अशा तीन जास्तीच्या ओळी असतात.