सहभागी मूल्यमापन

सहभागी मूल्यमापन : एखाद्या विकासकार्यक्रमाची वा लोकसेवेची उपयुक्तता, परिणाम व गुणदोष ठरविण्याच्या कामात तिचे लाभार्थी आणि अन्य संबंधित लोक यांना सामील करून घेण्याची पद्धती. काय मोजावयाचे, यश कशाला म्हणावयाचे, माहिती कोणी गोळा करावयाची व निष्कर्षांचा उपयोग कसा करावयाचा, हे निर्णय रूढ पद्धतीत निधी पुरविणारी संस्था आणि बाहेरचे तज्ञ घेतात. सहभागी मूल्यमापनात या निर्णयांत लोकांचा वाटा असतो. जात, लिंग, दारिद्र्य वा निरक्षरता यांमुळे मागे राहिलेल्यांनाही तो वाटा प्रत्यक्षात मिळावा, याची तजवीज जेथे केलेली असते, त्यास समन्यायी मूल्यमापन म्हणतात. सहभाग व समन्याय या एकच गोष्टी नव्हेत. सभेला सारे गाव जमले, तरी बोलणारे मोजकेच असू शकतात.

पार्श्वभूमी : भारतात सामुदायिक विकास कार्यक्रमाबरोबरच १९५२ साली कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. शासकीय कार्यक्रमांचे पद्धतशीर मूल्यमापन करण्याचा तो आरंभीचा मोठा प्रयत्न होय. तथापि अशा मूल्यमापनात ग्रामस्थ हा मुख्यतः प्रश्नावलीला उत्तरे देणारा असे. प्रश्न ठरविणारा नव्हे. १९७० नंतर या भूमिकेविषयी अनेक देशांत शंका घेतली जाऊ लागली. ब्राझीलमधील शिक्षणतज्ञ पाउलू फ्रेरी यांच्या विचारांचा आणि रॉबर्ट चेंबर्स यांनी पुरस्कारिलेल्या सहभागी ग्रामीण समीक्षेचा या बदलात महत्त्वाचा वाटा आहे. अमेरिकेत ईगॉन गुबा व इव्हॉना लिंकन यांनी १९८९ मध्ये ‘चौथ्या पिढीच्या मूल्यमापना’ची संकल्पना मांडली. मापन, वर्णन व निर्णय या आधीच्या तीन पायऱ्या मानून, संबंधित पक्षांमधील वाटाघाट ही त्यांनी चौथी मानली.

तंत्रे : गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने वा खडूने काढणे, वर्षातील काम, आजारपण व टंचाई यांचे ऋतुमान मांडणे, बिया किंवा खडे ठेवून पर्यायांचा क्रम लावणे, गटचर्चा, घरोघरी पडताळणी व जाहीर सुनावणी ही नेहमीची तंत्रे होत. अक्षरज्ञान नसलेल्यांनाही त्यांत भाग घेता येतो. नकाशा सर्वांसमोर असल्याने वगळलेली वस्ती तेथल्या तेथे दाखविता येते.

सामाजिक अंकेक्षण : या पद्धतीचे भारतातील ठळक उदाहरण राजस्थानात घडले. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांवरील मजुरीच्या प्रश्नावरून हजेरीपत्रके व देयके पाहण्याची मागणी केली. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे तिची पहिली जनसुनवाई झाली. अशा सुनावण्यांत कागदपत्रे मोठ्याने वाचली जात व ज्यांची नावे त्यांत असत तेच साक्ष देत. न केलेल्या कामाची मजुरी, अस्तित्वात नसलेली बांधकामे आणि खोटी नावे यांतून उघडकीस आली. कागदावर निर्दोष दिसणारी नोंद खोटी आहे, हे त्या नोंदीतील मजूरच निश्चितपणे सांगू शकत होता. परंतु ती नोंदच त्याला पाहावयास मिळत नव्हती. १९९६ मध्ये ब्यावर येथे झालेले चाळीस दिवसांचे धरणे व पुढे २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम ही याच वाटचालीची फलिते होत.

२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या कलम १७ ने ग्रामसभेकडे सामाजिक अंकेक्षणाची जबाबदारी सोपविली. आंध्र प्रदेशाने २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापिली. २०११ च्या केंद्रीय नियमांनी सहा महिन्यांतून किमान एकदा अंकेक्षण आवश्यक ठरविले आणि ते करणारा घटक योजना राबविणाऱ्या यंत्रणेपासून स्वतंत्र असावा, असे म्हटले. मेघालयाने २०१७ मध्ये अनेक योजनांना लागू होणारा सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र अधिनियम केला. असे करणारे ते पहिले राज्य होय.

महाराष्ट्रातील आरोग्यसेवा : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी अमरावती, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), ठाणे, नंदुरबार व पुणे हे जिल्हे निवडले होते. गावापासून राज्यापर्यंत समित्या नेमण्यात आल्या. गावपातळीवर सेवांचे प्रगतिपत्रक भरून त्यांना हिरवा, पिवळा वा लाल रंग देण्यात येई. त्यामुळे निकाल न वाचताही कळे. जनसुनवाईत ग्रामस्थ आपल्या तक्रारी आरोग्य अधिकाऱ्यांसमोर मांडत व अधिकाऱ्यांना तेथेच उत्तर द्यावे लागे.

मर्यादा : सहभाग आपोआप न्याय्य ठरत नाही. पश्चिम भारतातील भिल्ल प्रदेशातील एका शेतीप्रकल्पाचा अनुभव तपासून डेव्हिड मॉस यांनी १९९४ मध्ये दाखविले, की जाहीर सामूहिक बैठकांत प्रतिष्ठित पुरुषांचे मत हेच गावाचे मत म्हणून नोंदले जाते व स्त्रियांचे अनुभव बाहेर राहतात. बैठकीची वेळ, जागा आणि बोलण्याची रीत यांतच ही विषमता दडलेली असते. बिल कुक व उमा कोठारी यांनी २००१ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात, सहभागाच्या नावाखाली आधीच घेतलेल्या निर्णयांना लोकमान्यता मिळविली जाते, अशी टीका आढळते. सावकार वा कंत्राटदार समोर बसला असता त्याच्यावर अवलंबून असलेल्या मजुराने खरे बोलावे, ही अपेक्षाही भाबडी ठरते.

म्हणून समन्यायी मूल्यमापनात काही दक्षता आवश्यक मानतात. स्त्रिया, भूमिहीन व दलित वस्त्या यांच्याशी स्वतंत्र बैठका घेणे, मजुरी बुडणार नाही अशी वेळ निवडणे, स्थानिक बोलीत बोलणे, आकडे समूहवार मांडणे आणि साक्ष देणाऱ्यास संरक्षण देणे या त्यांपैकी प्रमुख होत. सरासरी आकडा समाधानकारक असताना एका वस्तीला काहीच न मिळणे शक्य असते.

तटस्थता कमी होते, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला जातो. त्यावर मोजमाप, कागदपत्रे व लोकांची साक्ष एकमेकांशी ताडून पाहणे हा उपाय आहे. बाहेरच्या तज्ञाचे स्थान त्यात राहते, परंतु निकाल देण्याचा त्याचा एकाधिकार राहत नाही. अधिक गंभीर उणीव निष्कर्षांनंतरच्या कार्यवाहीची आहे. उघडकीस आलेली रक्कम वसूल झाली नाही किंवा बंद दवाखाना उघडला नाही, तर लोक पुढच्या सभेला येत नाहीत. धोका पत्करून बोलणाऱ्याला आपल्या बोलण्याचे फळ दिसणे, यावरच या पद्धतीची विश्वासार्हता शेवटी अवलंबून असते.