कार्यालयीन वेळ आणि खिशातील भ्रमणध्वनी

दूरध्वनी एके काळी कार्यालयाचा असे. आता तो कर्मचाऱ्याच्या खिशात आला आहे. कार्यस्थळी खाजगी भ्रमणध्वनीच्या वापरासंबंधी जे प्रश्न आज निर्माण झाले आहेत, त्यांचे मूळ या एका स्थित्यंतरात आहे. पूर्वी घरून आलेला निरोप मुख्य लिपिकाच्या मेजावरील दूरध्वनीवर येई. तो सर्वांसमक्ष घेतला जाई आणि म्हणून आपोआपच थोडक्यात आटोपला जाई. त्यासाठी वेगळ्या नियमाची गरज नव्हती. साधनाची दुर्मिळता हाच नियम होता.

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील तत्कालीन केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण केले आणि भारतात या साधनाचा प्रारंभ झाला. त्या काळी येणाऱ्या संभाषणासाठीही पैसे मोजावे लागत. २००३ साली येणारी संभाषणे निःशुल्क झाली आणि भ्रमणध्वनी शिपायापासून सचिवापर्यंत सर्वांच्या हाती आला. पुढे त्यात छायाचित्रे, बातम्या, खेळ, बँकेचे व्यवहार आणि समाजमाध्यमे यांची भर पडली. आज कर्मचारी कामावर येतो, तेव्हा त्याच्यासोबत त्याचे घर, बाजार आणि चावडीही कार्यालयात येते. या सर्वांना कामाच्या वेळेत किती जागा द्यावी, हा खरा प्रश्न होय.

थोड्या वेळाची मोठी बेरीज

महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू केला, तेव्हा मंत्रालयासह शासकीय कार्यालयांची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरविण्यात आली. भोजनाचा अर्धा तास वजा केला, तर कामाचे आठ तास उरतात. ५० कर्मचाऱ्यांच्या एखाद्या कार्यालयात प्रत्येकाने दिवसाकाठी केवळ १५ मिनिटे खाजगी भ्रमणध्वनीवर घालविली, असे धरून चालू. ही बेरीज ७५० मिनिटांची, म्हणजे साडेबारा तासांची होते. दीड माणसाचे दिवसभराचे काम त्यात खर्ची पडते. कोणाही एकाच्या दृष्टीने १५ मिनिटे फार नाहीत. परंतु दूरच्या गावाहून एस.टी.ने आलेला आणि खिडकीसमोर ताटकळत उभा असलेला नागरिक मात्र या बेरजेची किंमत मोजीत असतो.

वेळेपेक्षाही अधिक नुकसान लक्ष विचलित झाल्याने होते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, एकाग्रतेचे काम करीत असलेल्या व्यक्तींच्या भ्रमणध्वनीवर संदेशाची सूचना पाठविण्यात आली. त्यांनी भ्रमणध्वनीला हातही लावला नाही, तरीही केवळ सूचनेच्या आवाजाने वा कंपनाने त्यांच्या चुका वाढल्याचे आढळून आले. सोफी लेरॉय या संशोधिकेने २००९ साली असे दाखवून दिले होते की, एक काम अर्धवट टाकून मनुष्य दुसऱ्या कामाकडे वळला, तरी त्याच्या मनाचा काही भाग पहिल्याच कामात गुंतून राहतो. म्हणजेच अर्ध्या मिनिटाचा संदेश अर्ध्या मिनिटात संपत नाही.

याचे परिणाम कागदावर उमटतात. सातबारा उताऱ्यावर वारसाच्या नावातील एक अक्षर चुकले, निवृत्तिवेतनाच्या प्रस्तावात जन्मतारखेचा एक आकडा बदलला, की त्या दुरुस्तीसाठी संबंधितांना अनेक खेपा घालाव्या लागतात. चूक क्षणाची असते. तिचे ओझे दुसऱ्याच कोणाला तरी महिनोन् महिने वाहावे लागते.

जेथे क्षणाचे मोल प्राणाएवढे

वाहन, यंत्र, उद्वाहन किंवा ज्वालाग्राही पदार्थ यांच्याशी संबंध असलेल्या कामात हा प्रश्न शिस्तीचा न राहता सुरक्षिततेचा होतो. १२ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराच्या चॅट्सवर्थ या भागात एक प्रवासी गाडी समोरून येणाऱ्या मालगाडीवर आदळली आणि २५ जण मृत्युमुखी पडले. प्रवासी गाडीचा चालक आपल्या खाजगी भ्रमणध्वनीवरील संदेशांत गुंतल्यामुळे त्याने तांबडा सिग्नल ओलांडला, असा निष्कर्ष चौकशीअंती काढण्यात आला. यातील विशेष ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चालकांनी कामावर असताना भ्रमणध्वनी वापरू नये, असा त्या रेल्वेसेवेचा नियम आधीपासूनच होता. नियम होता, पण तो पाळला जातो की नाही, हे पाहण्याची व्यवस्था पुरेशी नव्हती.

आपल्याकडे मोटार वाहन अधिनियमात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, वाहन चालविताना हातातील संपर्कसाधनाचा वापर करणे हे धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे समाविष्ट करण्यात आले. मात्र येथे आस्थापनेवरही एक जबाबदारी येते. चालक गाडी चालवीत असताना त्याला वारंवार भ्रमणध्वनी करून “कुठवर आलात?” असे विचारणारा अधिकारीच पुष्कळदा नियमभंगास कारणीभूत होतो. ज्याने नियम करावयाचा, त्यानेच तो मोडावयास लावणे योग्य नव्हे.

शासकीय कार्यालयांसाठी मार्गदर्शन

शासकीय कार्यालयांतील भ्रमणध्वनीच्या अनिर्बंध वापरामुळे शासनाची प्रतिमा मलिन होते, हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना निर्गमित केल्या. कार्यालयीन कामासाठी शक्यतो मेजावरील दूरध्वनीचा वापर करावा, भ्रमणध्वनी आवश्यक तेव्हाच वापरावा, बोलणे सौजन्याचे व हळू आवाजात असावे, बैठकीत तो मूक ठेवावा आणि खाजगी संभाषण कक्षाबाहेर जाऊन करावे, असा या सूचनांचा आशय आहे. त्यांत खाजगी संभाषणाला सरसकट बंदी नाही, ही बाब महत्त्वाची आहे. बंदीऐवजी मर्यादा आणि मर्यादेसोबत सौजन्य, असे हे धोरण आहे.

संपूर्ण बंदी का अव्यवहार्य ठरते, हेही समजून घेतले पाहिजे. पहिले कारण असे की, काम कोणते आणि खाजगी कोणते हे आता नुसते पाहून ओळखता येत नाही. २०२१ पासून अंगणवाडी सेविकांच्या नोंदी पोषण ट्रॅकर या प्रणालीद्वारे भ्रमणध्वनीवरच होऊ लागल्या. त्याच वर्षी ई-पीक पाहणीनेही शेताच्या बांधावर भ्रमणध्वनी आणला. भ्रमणध्वनीकडे पाहत असलेला कर्मचारी वेळ दवडीत आहे, असे गृहीत धरणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल. दुसरे कारण घरगुती आहे. पाळणाघरात मूल ठेवून कामावर आलेली माता, घरी आजारी वडील असलेला लिपिक, गावाकडे कुटुंब ठेवून औद्योगिक वसाहतीत राबणारा कामगार यांच्या दृष्टीने भ्रमणध्वनी ही चैन नसून घराशी जोडणारा दुवा आहे. तो तोडल्याने त्यांचे लक्ष कामात लागेल असे नव्हे. उलट चिंतेने ते अधिकच उडेल.

कामाच्या स्वरूपानुसार नियम

म्हणून सर्वांना एकच नियम लावण्यापेक्षा कामाची प्रतवारी करणे हितावह होय. वाहनचालक, यंत्रचालक आणि स्फोटक वा ज्वालाग्राही पदार्थ हाताळणारे कामगार यांच्या बाबतीत कामावर असताना भ्रमणध्वनी पूर्णतः दूर असावा. तो ठेवण्यासाठी कुलूपबंद खण द्यावा आणि विश्रांतीच्या वेळी तो वापरण्याची मुभा असावी. जनतेशी प्रत्यक्ष संबंध येणाऱ्या खिडकीवर भ्रमणध्वनी मूक करून खणात ठेवावा. समोर माणूस उभा असताना तो बाहेर काढू नये. गोपनीय कागदपत्रे वा प्रश्नपत्रिका हाताळल्या जातात, तेथे कॅमेरा असलेले साधन आत नेण्यावरच बंधन असावे. इतर मेजावरच्या कामात मात्र भ्रमणध्वनी मूक ठेवून तो पाहण्याच्या वेळा ठरवून घेतल्यास पुरेसे होते. तातडीचे संभाषण कक्षाबाहेर, थोडक्यात आटोपावे.

मर्यादा घालताना पर्याय देणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे. प्रत्येक आस्थापनेने तातडीच्या निरोपासाठी एक क्रमांक निश्चित करावा आणि तो कर्मचाऱ्यांच्या घरी कळवावा. त्या क्रमांकावर आलेला निरोप नोंदवहीत लिहून संबंधितास विनाविलंब पोहोचविण्याची जबाबदारी नेमून द्यावी. घरी संकट आले तर निरोप मिळेल, अशी खात्री पटलेला कामगार आपला भ्रमणध्वनी निश्चिंतपणे कुलपात ठेवतो. अशी खात्री नसेल, तर तो तो लपवून जवळ बाळगतो आणि नियमाचा मूळ हेतूच फसतो.

नियम लेखी असावा, साध्या मराठीत असावा आणि कर्मचारी संघटनेशी विचारविनिमय करून तो ठरवावा. घरातील गंभीर आजारपण, प्रसूती अशा प्रसंगी सवलत कोणी व कशी द्यावयाची, हे त्यातच नमूद असावे. प्रथम तोंडी समज, नंतर लेखी ज्ञापन आणि त्यानंतरही सुधारणा न झाल्यास शिस्तभंगाची कारवाई, असा क्रम ठेवावा. सुरक्षिततेशी संबंधित कामातील उल्लंघन मात्र प्रथमपासूनच गंभीर मानले पाहिजे.

देखरेखीलाही मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. भ्रमणध्वनी वापरू नका, असे कामाच्या वेळेपुरते सांगणे वेगळे आणि त्यातील संदेश उघडून पाहणे वेगळे. काही ठिकाणी लहरी रोखणारी, जॅमर या नावाने ओळखली जाणारी यंत्रे बसविण्याचा मोह होतो. परंतु केंद्र शासनाच्या परवानगीवाचून अशी यंत्रे बसविणे बेकायदेशीर आहे. शिवाय अपघातप्रसंगी रुग्णवाहिका वा अग्निशमन दल बोलाविण्याचा मार्गही त्यामुळे बंद होतो.

बंधन दोन्ही बाजूंचे

या प्रश्नाची दुसरी बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. कामाच्या वेळेत घर कार्यालयात शिरते, त्याचप्रमाणे कामाची वेळ संपल्यावर कार्यालयही घरात शिरते. रात्री दहा वाजता समूहावर पडणारा आदेश, सुट्टीच्या दिवशी मागविलेली माहिती आणि उत्तरास उशीर झाल्यास सकाळी विचारला जाणारा जाब, हा अनेकांचा नित्याचा अनुभव आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कापासून मुक्त राहण्याच्या हक्काला कायद्याने मान्यता मिळाली. आपल्याकडेही २०१८ च्या अखेरीस बारामतीच्या सदस्या सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत या विषयावर खाजगी विधेयक मांडले होते.

आपत्ती निवारण, आरोग्य, पोलीस यांसारख्या सेवांना घड्याळाची चौकट लागू करता येणार नाही, हे उघड आहे. परंतु जे काम उद्या सकाळी सांगितले तरी चालण्यासारखे आहे, ते आज रात्री न सांगणे प्रत्येक कार्यालयप्रमुखाच्या हाती आहे. कर्मचाऱ्याच्या संध्याकाळचा मान राखणाऱ्या वरिष्ठालाच त्याच्या दुपारवर हक्क सांगता येतो. त्याचप्रमाणे बैठकीत स्वतःचा भ्रमणध्वनी मूक करून बाजूला ठेवणारा अधिकारी दहा परिपत्रकांचे काम एकटा करतो.

भ्रमणध्वनीचा नियम हा यंत्रासंबंधीचा नियम नसून लक्षासंबंधीचा आहे. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाला, गाडीतील प्रवाशाला आणि यंत्राशेजारी काम करणाऱ्या सोबत्याला आपले पूर्ण लक्ष मिळण्याचा हक्क आहे. कामगाराच्या घरालाही वेळप्रसंगी त्याची हाक ऐकू जाण्याचा हक्क आहे. हे दोन्ही हक्क सांभाळणारा नियम परस्परविश्वासातून तयार झाला, तर तो भिंतीवरील फलकावर न राहता आचरणात उतरेल, यात शंका नाही.