अणुभट्टी, सांडपाणी आणि माहितीचा अधिकार

माहितीचा अधिकार म्हणजे शासनाकडे असलेला कागद, नकाशा, नोंदवही किंवा तपासणी अहवाल कोणतेही कारण न सांगता मागण्याचा, तो पाहण्याचा आणि त्याची प्रत घेण्याचा नागरिकाचा कायदेशीर हक्क. हा हक्क देशभर सारखाच लागू असला, तरी त्याचा कस कोठे लागतो हे पाहण्यासाठी पालघर जिल्ह्यातील बोईसर-तारापूर पट्ट्याइतका बोलका प्रदेश क्वचितच सापडेल; कारण देशातील पहिले अणुविद्युत केंद्र आणि रासायनिक कारखान्यांनी भरलेली मोठी औद्योगिक वसाहत येथे एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. हवेत आणि पाण्यात काय सोडले जाते, अपघात झाला तर कोणी काय करायचे, हे आसपासच्या गावांचे प्रश्न दोहोंबाबत एकच आहेत. त्यांना उत्तर देण्याची कायद्याची रीत मात्र दोन टोकांची राहिली आहे.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर 1969 मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली, तेव्हा 1962 चा अणुऊर्जा अधिनियम अमलात होता आणि त्याच्या कलम 18 ने अणुकेंद्रांविषयीची माहिती उघड करण्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. अणुकेंद्रांच्या सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाने, डॉ. ए. गोपालकृष्णन अध्यक्ष असताना, 1995 मध्ये अणुऊर्जा विभागाच्या प्रकल्पांतील सुमारे 130 सुरक्षाविषयक बाबींचा अहवाल तयार केला. तो लोकांसमोर यावा यासाठी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि बॉम्बे सर्वोदय मंडळ यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तेथे मागणी फेटाळली गेली आणि 6 जानेवारी 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही राष्ट्रीय सुरक्षेचा आधार घेऊन कलम 18 वैध ठरवले. शत्रूला उपयोगी पडेल असा तपशील झाकणे समजण्याजोगे आहे; परंतु नियामकानेच नोंदवलेल्या उणिवा दुरुस्त झाल्या की नाहीत, हे कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसाला कळू न देण्याने सुरक्षितता कशी वाढते, याचे समाधानकारक उत्तर आजवर मिळालेले नाही.

त्यानंतर दोन वर्षांच्या आतच चित्र बदलले. अण्णा हजारे यांच्या उपोषणानंतर 2003 मध्ये महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा परिणामकारक कायदा स्वीकारलेला होताच. 12 ऑक्टोबर 2005 रोजी केंद्रीय अधिनियम पूर्णपणे लागू झाला आणि त्याच्या कलम 22 ने विसंगत असलेल्या जुन्या कायद्यांवर, अगदी 1923 च्या शासकीय गुपिते अधिनियमावरही, मात केली. कलम 8 मध्ये देशाची सुरक्षा आणि वैज्ञानिक हितसंबंध यांचा अपवाद कायम राहिला. मात्र उघड करण्यातले सार्वजनिक हित मोठे असेल तर अपवादातील माहितीही देता येते आणि कागदाचा काही भागच गोपनीय असेल तर तेवढा झाकून उरलेला द्यावा लागतो, अशा दोन तरतुदी त्याच कायद्यात आल्या. याच तत्त्वावर केंद्रीय माहिती आयोगाने 2012 मध्ये कुडनकुलम प्रकल्पाचा सुरक्षा विश्लेषण अहवाल देण्याचा आदेश दिला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने पुढे त्याला स्थगिती दिली.

औद्योगिक वसाहतीच्या बाबतीत पहिली अडचण निराळी आहे. खासगी कारखाना हे या कायद्याच्या अर्थाने 'सार्वजनिक प्राधिकरण', म्हणजे माहिती देण्यास बांधलेले शासकीय किंवा शासनाच्या पैशावर चालणारे कार्यालय, नव्हे. त्यामुळे त्याच्या दारात अर्ज चालत नाही. परंतु कलम 2 मधील व्याख्येनुसार, एखाद्या शासकीय यंत्रणेला दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवता येते, तीही 'माहिती'च ठरते. कारखान्याचे संमतीपत्र, म्हणजे किती सांडपाणी कोणत्या प्रतीचे करून सोडायचे याच्या अटींचा परवाना, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ देते. म्हणून कारखान्याची बरीचशी कुंडली मंडळाच्या कपाटात असते. त्याहून जुनी आणि आश्चर्य वाटावे इतकी दुर्लक्षित तरतूद 1974 च्या जल प्रदूषण अधिनियमात आहे. त्याच्या कलम 25 नुसार संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि सांडपाण्याच्या त्या निकासाशी संबंधित किंवा त्याची झळ पोहोचलेल्या कोणाही व्यक्तीला ती पाहण्यासाठी खुली असते. माहिती अधिकाराच्या 31 वर्षे आधी संसदेने हे लिहून ठेवले होते.

या तरतुदींचे मोल नवापूरच्या किनाऱ्यावर कळते. वसाहतीचे सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रातून वाहिनीने तेथील समुद्राकडे जाते आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या मूल्यांकनात तारापूरला 93.69 गुण, म्हणजे देशातील सर्वाधिक प्रदूषण निर्देशांक, मिळाला होता. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद ही मच्छीमारांची संघटना राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली आणि जानेवारी 2022 मध्ये न्यायाधिकरणाने प्रक्रिया केंद्र व कारखाने यांच्याकडून कोट्यवधी रुपयांची पर्यावरणीय भरपाई घेण्याचा निर्णय दिला. अशा लढ्यात पाण्याचा रंग आणि जाळ्यात न लागणारी मासळी सांगून भागत नाही, तारीखवार आकडे लागतात.

म्हणूनच अर्जाची भाषा निर्णायक ठरते. 'प्रदूषण का होते?' असा प्रश्न विचारला तर जनमाहिती अधिकारी, म्हणजे माहिती देण्यासाठी नेमलेला कर्मचारी, ही माहिती अभिलेखात नाही असे उत्तर देऊन मोकळा होतो. कारण कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, अभिप्राय नव्हे. त्याऐवजी अमुक दोन महिन्यांत प्रक्रिया केंद्राच्या बहिर्गमावर घेतलेल्या, कार्यालयात 'जेव्हीएस' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यांचे विश्लेषण अहवाल आणि त्यावरून बजावलेल्या कारणे दाखवा नोटिसांच्या प्रती मागितल्या, तर टाळाटाळीला फारशी जागा उरत नाही. राज्याच्या कार्यालयांसाठी जोडपत्र 'अ' मधील अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा असतो, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांत ठेवायचा असतो. अणुविद्युत महामंडळासारख्या केंद्रीय संस्थेला हा स्टॅम्प चालत नाही, तेथे पोस्टल ऑर्डर जोडतात. या बारकाव्यातच अनेक अर्ज अडकतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

उत्तरासाठी मुदत 30 दिवसांची असते. मात्र प्रश्न जीविताचा असेल तर ती 48 तासांवर येते आणि वायुगळतीच्या संदर्भात या तरतुदीचा वापर व्हायला हवा तितका होत नाही. उत्तर न आल्यास 30 दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठाकडे प्रथम अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे द्वितीय अपील करता येते. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाला तरी हे खंडपीठ नवी मुंबईतच असल्याने मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या अर्जदाराला सुनावणीसाठी मोठा पल्ला गाठावा लागतो. दिरंगाई सिद्ध झाल्यास अधिकाऱ्याला दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड होऊ शकतो.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर केलेल्या 1989 च्या घातक रसायनविषयक नियमांनी तर अर्जाचीही वाट पाहिलेली नाही. मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याने, त्या अपघाताची झळ पोहोचू शकेल अशा कारखान्याबाहेरच्या लोकांना, धोक्याचे स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करावे व काय करू नये हे आधीच कळवले पाहिजे, असे ते सांगतात. वसाहतीला लागून असलेल्या ग्रामपंचायतींना असे पत्र कधी आले, कोणत्या कारखान्याकडून आले आणि ते ग्रामसभेत वाचले गेले का, हे ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीतून आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तातून तपासता येते, आणि ही दोन्ही दप्तरे माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात.