मधमाशीचे चित्र काढणारे फूल

ऑर्किड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर लग्नाचा हॉल येतो. स्टेजवरची जांभळी फुले, चकचकीत कागदात गुंडाळलेला गुच्छ, आणि तो हातात घेऊन आता कुठे ठेवावा या विचारात पडलेला पाहुणा. त्यामुळे ऑर्किड म्हणजे परदेशी, महाग, एअरकंडिशनमध्ये वाढणारे काहीतरी, असा आपला पक्का समज झाला आहे. प्रत्यक्षात ही मंडळी आपल्या शेजारची आहेत. माहुलीच्या जंगलात, माळशेजच्या आणि नाणेघाटाच्या वाटेवर, येऊरच्या रानात, इतकेच काय, गावठाणातल्या एखाद्या म्हाताऱ्या आंब्याच्या दुबेळक्यातही ती पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. मराठीत त्यांना आमरी म्हणतात. त्यांतली सीतेची वेणी सगळ्यांना ऐकून तरी ठाऊक असते. आसामात हेच फूल बिहूच्या नाचात मुली केसांत माळतात.

माझ्या लहानपणी कल्याणकडे झाडावर वाढणाऱ्या कुठल्याही हिरव्या गोष्टीला बांडगूळ म्हणून मोकळे होत. माझी नानीही तसेच म्हणायची, आणि बांडगूळ म्हटले की कोयता आलाच. हा आमरीवर अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या खोडात मुळे घुसवून त्याचा रस पिते. आमरी झाडाकडून बसायला जागा घेते, यापलीकडे काही नाही. तिची जाड, पांढरट मुळे हवेत लोंबतात किंवा सालीला चिकटून राहतात. त्या मुळांवर स्पंजासारखे एक आवरण असते. पावसाचे पाणी, धुके, सालीवरून ओघळणारी धूळमाती, एवढ्यावर तिचा संसार चालतो. भाडे न देणारी भाडेकरू म्हणा हवे तर, पण घरमालकाच्या ताटातले खाणारी नव्हे.

आज मला या घराण्यातल्या एका विशेष शाखेविषयी बोलायचे आहे. मधमाशीसारख्या दिसणाऱ्या आमरी. या प्रकारातले जगप्रसिद्ध फूल युरोपात आणि भूमध्य समुद्राभोवती उगवते. त्याच्या प्रजातीचे नाव ऑफ्रिस. ते आपल्याकडे होत नाही. आमरीच्या फुलात तीन पाकळ्यांपैकी एक वेगळी असते, तिला ओठ म्हणतात. ऑफ्रिसचा हा ओठ फुगीर, तपकिरी, मखमली लव असलेला असतो, त्यावर चकाकणारा ठिपका असतो. दुरून पाहावे तर फुलावर माशी बसली आहे असे वाटते. जवळ जावे तर माशी नाही, फूलच आहे.

हे सोंग कशासाठी, याचा उलगडा व्हायला बराच काळ गेला. डार्विनने १८६२ साली आमरींच्या परागीभवनावर अख्खे पुस्तक लिहिले, त्यात या फुलाचाही विचार केला. इंग्लंडातल्या मधमाशी-आमरीत त्याला वेगळीच गोष्ट दिसली. तिचे परागपुंज बारीक देठांवर आपोआप बाहेर येतात, लोंबकळतात आणि वाऱ्याने हलून त्याच फुलाच्या परागग्राही भागाला चिकटतात. म्हणजे माशीचे रूप धारण करायचे आणि माशीची वाटही पाहायची नाही! डार्विन कोड्यात पडला, ते स्वाभाविक होते.

कोडे सोडवले ते एका न्यायाधीशाने. पुयान त्यांचे नाव. ते अल्जीरियात न्यायाधीश होते आणि ऑफ्रिसच्या दुसऱ्या एका जातीसमोर बसून त्यांनी जवळजवळ वीस वर्षे निरीक्षण केले. १९१६ साली ते छापून आले. त्यांनी पाहिले ते असे, की फुलांवर येणारे कीटक सगळे नर आहेत. एका जातीच्या गांधीलमाशीचे नर माद्यांच्या आधी जमिनीतून बाहेर येतात. माद्या अजून यायच्या असतात आणि इकडे फुले उमललेली असतात. नर फुलाच्या ओठालाच मादी समजून झोंबतो, त्या धडपडीत परागपुंज त्याच्या अंगाला चिकटतात, आणि निराश होऊन तो पुढच्या फुलावर फसायला जातो. मध नाही, पराग खायला नाही, मोबदला म्हणून काहीच नाही. ऑस्ट्रेलियात एडिथ कोलमन या शिक्षिकेने १९२७ मध्ये तिथल्या एका आमरीवर असाच प्रकार नोंदवला. पुयान यांच्या म्हणण्यावर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. इतकी उघड फसवणूक एखादे फूल करील, हे सभ्य माणसांना पटेना.

पुढे रसायनशास्त्र मदतीला आले. १९९९ साली सिद्ध झाले की ऑफ्रिसची एक जाती ज्या मधमाशीला फसवते, त्या माशीच्या मादीच्या अंगाला जो गंध असतो त्यातलीच संयुगे हे फूल तयार करते. म्हणजे रूप हा सोंगाचा निम्माच भाग. आपल्याला दिसते ते चित्र, नराला येतो तो वास, आणि खरी ओढ वासाची. आम्ही कवी एखादी उपमा देतो आणि सुटतो. ती ओढूनताणून आणलेली असली तरी फार तर संपादक ती परत पाठवतो. या फुलाची उपमा चुकली तर बी धरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळे अल्जीरियाचे आणि इंग्लंडचे झाले, आमचे काय? आपल्या सह्याद्रीतही मधमाशीसारखी दिसणारी एक आमरी आहे. तिचे शास्त्रीय नाव कॉटोनिया पेडंक्युलॅरिस. तिच्या प्रजातीत ती एकटीच जाती आहे, आणि जगात ती दक्षिण-पश्चिम भारत आणि श्रीलंका एवढ्याच भागात सापडते. ती झाडावर राहते. पाने लांबट, दोन रांगांत. त्यांतून काडीसारखा लांब दांडा निघतो आणि टोकाकडे दोन-तीन फुले येतात, एकदम नव्हे, थोडी थोडी. उन्हाळ्यात जंगल करपलेले असताना हिचा मोसम असतो. पाकळ्यांवर तांबूस रेघा, आणि ओठ मात्र गडद जांभळा, मखमली, फुगीर, कडेला पिवळी किनार. वाऱ्यावर दांडा हलला की काळीपिवळी माशी घिरट्या घालते आहे असा भास होतो.

पण आपल्या डोळ्यांना मधमाशी दिसली म्हणून मधमाशी फसतेच असे नाही. ऑफ्रिसवरून कॉटोनियाविषयी अनुमान काढणे सोपे आहे. तसे करू नये. पुयान यांच्यासारखे कोणी सावलीला बसून, कोण आले, किती वेळ थांबले, काय घेऊन गेले, हे वर्षानुवर्षे लिहील, तेव्हाच ते बोलणे खरे.

हिला कॉटोनिया हे नाव दिले रॉबर्ट वाइट या स्कॉटिश डॉक्टराने, मद्रासकडच्या एका लष्करी इंजिनिअरच्या सन्मानार्थ. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या वाइटने १८३८ ते १८५३ या काळात दक्षिण भारतातल्या वनस्पतींच्या २१०१ चित्रांचा प्रचंड संग्रह मद्रासला छापला. आपली मधमाशी-आमरी त्यातच १८५१ च्या सुमारास आली. ही चित्रे काढली कोणी? आधी रंगय्या आणि नंतर गोविंदू या दोन देशी चित्रकारांनी.

वनस्पतींचे चित्र हा प्रकार आपण समजतो तितका साधा नाही. फुलाचा फोटो काढला की त्या एका फुलाचा फोटो येतो, चावलेल्या पानासकट. चित्रकाराला मात्र ती जाती दाखवायची असते. तो पार्श्वभूमी काढून टाकतो, कोऱ्या कागदावर रोप ठेवतो, एक फूल समोरून, एक बाजूने दाखवतो, ओठ सुटा करून मोठा काढतो, परागपुंज त्याहून मोठे काढतो. आमरीच्या बाबतीत हे फारच गरजेचे. कारण आमरी वाळवून कागदावर दाबली की रंग काळवंडतो, मांसल ओठ चपटा होतो, आणि ज्या मधमाशीसाठी एवढा खटाटोप, ती मधमाशीच नाहीशी होते. वाळलेल्या नमुन्यात जे मरते ते चित्रात राहते. म्हणून परदेशातल्या पंडिताला आपले फूल कळले ते पुष्कळदा या चित्रकारांच्या डोळ्यांतून.

आणि तरीही त्यांची नावे? वाइट या बाबतीत मोठ्या मनाचा निघाला. त्याने एका आमरीच्या प्रजातीलाच गोविंदूचे नाव दिले, गोविंदूइया. गव्हर्नरांची, कर्नलांची आणि त्यांच्या बायकांची नावे फुलांना देण्याच्या त्या काळात एका पगारी देशी चित्रकाराला हा मान मिळाला. पुढे शास्त्रज्ञांनी ती आमरी आधीच्या दुसऱ्या प्रजातीत घातली, त्यामुळे आज गोविंदूचे नाव रद्द झालेल्या नावांच्या यादीत आहे. शास्त्राच्या नियमाने ते बरोबरच, पण मला चुटपुट लागते.

आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट याहून वाईट आहे. पुण्याजवळ दापोडीला, जिथे आज लोणावळा लोकल थांबते, तिथे मुंबई सरकारची वनस्पतिबाग होती. अलेक्झांडर गिब्सन तिचा अधीक्षक. तोच पुढे मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला, आणि १८६१ साली डॅल्झेलबरोबर त्याने ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ काढला. त्या ग्रंथात चित्रे नाहीत. चित्रे होती, पण वेगळी. १८४७ ते १८५० या काळात गिब्सनने एका चित्रकाराकडून सुमारे १७० चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पतिउद्यानात जपून ठेवलेली आहेत, २००२ साली त्यांच्यावर पुस्तकही निघाले. चित्रकाराविषयी मात्र नोंद एवढीच, की तो पोर्तुगीज-भारतीय होता. म्हणजे गोव्याकडचा किंवा वसई-साष्टीकडचा आपला कोणीतरी माणूस. पानाच्या शिरा मोजून काढणाऱ्या माणसाचे नाव लिहायला कोणाला सवड झाली नाही.

याच्या उलट एक उदाहरण मला फार आवडते. सतराव्या शतकात कोचीनला व्हान ऱ्हीडे या डच अधिकाऱ्याने ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याचे आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचे साहाय्य नावानिशी नोंदलेले आहे, आणि त्या तिघांचे प्रमाणपत्र नागरी लिपीत छापले आहे. चित्रांवर वनस्पतींची नावे रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत आहेत. माझ्यासारख्या माणसाला, ज्याने घरी अरबी अक्षरे गिरवली आणि शाळेत बालभारती, त्याला एकाच पानावर या दोन्ही लिप्या शेजारी शेजारी बसलेल्या पाहून काय वाटत असेल, ते वेगळे सांगायला नको. सीतेची वेणी त्या ग्रंथात आहे. तिथले तिचे मल्याळी नाव ती ज्या झाडावर बसते त्या झाडावरून पडलेले आहे. लीनियसने १७५३ साली तिला लॅटिन नाव दिले ते याच चित्राच्या आधारावर.

ठाण्याचाही या गोष्टीत वाटा आहे. ठाण्याला सिव्हिल सर्जन राहिलेले डॉ. का. र. कीर्तिकर मुंबई परिसरातल्या विषारी वनस्पतींवर रंगीत चित्रांसह लेखमाला लिहीत होते, आणि त्यांचा औषधी वनस्पतींवरचा सचित्र ग्रंथ, बी. डी. बसू यांच्याबरोबरचा, १९१८ साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. हेच कीर्तिकर कवी होते आणि १९०९ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही. कविता आणि वनस्पतिशास्त्र यांचे वाकडे आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. माझे शिक्षण बी.ए.पर्यंत, तेही भाषा घेऊन, म्हणून मला त्यांचा आधार वाटतो.

आता आपल्या दारातले सांगतो. डोंबिवली-कल्याण, बदलापूर, टिटवाळा या पट्ट्यात वाड्या गेल्या आणि इमारती आल्या. माणसांना घरे हवीत, मीही इमारतीतच राहतो. पण जुना आंबा तोडला जातो तेव्हा त्याच्याबरोबर त्याच्या अंगावरची आमरीही जाते, आणि झाडे मोजणाऱ्या नोंदवहीत तिची मोजणी नसते. तोडलेल्या झाडाऐवजी रोपे लावतात, पण त्या रोपाची साल खडबडीत होऊन आमरीला धरण्याजोगी व्हायला काही दशके जातात. आमरीचे बी धुळीइतके बारीक असते, त्यात अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. लाखो बियांतून एखादे रोप.

दुसरे संकट आपल्या हौसेचे. घाटरस्त्यांवर पावसाळ्यात आमरीचे जुडगे विकायला बसलेली माणसे मी पाहिली आहेत. ती गरीब आहेत, त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. आपण विकत घेतो म्हणून ती तोडतात, आणि ते रोप गॅलरीत बहुधा दुसरा उन्हाळा पाहत नाही. आमरींच्या सगळ्या जातींचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या बंधनाखाली येतो, तो उगीच नाही.

झाड पडलेच, किंवा पाडले जाणारच असेल, तर आमरी वाचवता येते. तिची मुळे सालीच्या तुकड्यासकट सोडवायची, तशाच खडबडीत सालीच्या जवळच्या झाडावर, तेवढ्याच सावलीत, काथ्याच्या दोरीने बांधायची. प्लॅस्टिकची दोरी नको. माती आणि शेण मुळीच लावायचे नाही. मेअखेर बांधले तर पावसात मुळे नवी पकड घेतात. आणि आपल्या सोसायटीतल्या मुलांपैकी कोणाचा हात चित्रकलेत बरा असेल, तर तिला किंवा त्याला झाडाखाली पाट टाकून बसवा. आधी सगळे रोप, मग एक फूल समोरून, एक बाजूने, मग ओठ सुटा. खाली तारीख, झाड कोणते ते, जागा, आणि चित्र काढणाऱ्याचे पूर्ण नाव.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)